दुसऱ्या दारानं

भैरवीचं दार पास झालं.

ते बाजूला ठेवू. गोमटेशनं ठेवलंय, आपणही ठेवू. तर अजून काहीएक झालेलं नाही. कोल्हापुरातली रविवारची सकाळ आहे आणि तळ्याकाठच्या जुन्या पाणमहालापुढं दोन खोटी दारं उभी आहेत.

खोटी म्हणजे मंडपवाल्यानं उभारलेली, बांबू, प्लायवूड आणि कापडाची. महालाला पर्यटकांसाठी नवं प्रवेशद्वार हवं होतं. शेवटी दोन आर्किटेक्ट उरले, गोमटेश आणि त्याच्याच वर्गातली भैरवी. महालाच्या समितीचे अध्यक्ष गणपतराव यांना नकाशे कळत नसत, आणि ते तसं मोकळेपणानं सांगत. "दोन्ही दारं हुबी करा की. दिवसभर बघू. माणसं जिकडनं आत जातील, त्ये दार आपलं." एवढं बोलून ते छत्रीखाली खुर्ची टाकून बसले होते.

गोमटेशचं दार तीन कमानींचं. वर हत्ती, हत्तींच्या सोंडांत दिवे. पुढं रेलिंगची तीन वळणं, माणूस वळत वळत इतिहासात शिरावा म्हणून. आणि भैरवीनं काय केलं होतं? कुंपणाचा एक तुकडा उचलून बाजूला ठेवला होता. वर कापडाची सावली, खाली टेकायला एक बाकडं. संपलं. बाईनं कागदावर दार काढलंच नव्हतं. आणि लोक त्या न काढलेल्या दाराला "काय दार हाय!" म्हणत होते.

कॉलेजातही हेच. गोमटेश कोपरा न् कोपरा भरून कागद द्यायचा. भैरवी अर्धा कागद कोरा सोडायची, आणि सर तिचा कोरा भाग सगळ्या वर्गाला दाखवायचे.

खबरदारी म्हणून गोमटेशनं हातकणंगल्याहून दोन वडापच्या जीपा भरून नातेवाईक आणले होते. त्यातली त्रिशलामावशी पहिल्याच वळणावर थांबली.

"गोमू, त्या पोरीच्या दारानं गेलं तर न्हाय चालायचं? गुडघं धरल्यात."

"नाही चालायचं, मावशी."

"बरं बाबा."

मावशीनं तिन्ही वळणं इमानानं घेतली, आत पोचली, आणि आत पोचल्या पोचल्या ओरडली ती भैरवीला, "पोरी, लई सोयीचं केलंयस बघ!"

बाकीचे पर्यटकही हत्तींना मान देत होते. म्हणजे त्यांच्याखाली उभं राहून फोटो काढत होते, आणि मग भैरवीकडून आत जात होते.

दुपारी जवळच राहणाऱ्या झुंबरबाईची म्हैस आली. महालाच्या आवारातून तळ्यावर डुंबायला जायचा तिचा रोजचा रिवाज. पहिल्या वळणापाशी तिनं मान वर केली. हत्ती बघितले. हत्तींनीही तिला बघितलं. मग तिनं नाकातून एक मोठा श्वास सोडला, वळली, भैरवीच्या बांबूला मान घासली आणि सावलीतून आत गेली.

"आता हिला धरायचं का न्हाय?" गणपतराव म्हणाले.

"साहेब, म्हैस पर्यटक नसते," गोमटेश म्हणाला.

"का वो पावणं?" मागून झुंबरबाई आली. "ती रोज येती. तुमचं हत्तीच आज आल्यात!"

गणपतरावांनी बराच विचार केला, आणि म्हैस हिशेबात धरली.

भैरवीला आजवर गोल्ड मेडल मिळालं होतं, पुण्यातली कामं मिळाली होती, टपरीवर चहाचा काठोकाठ भरलेला कप मिळत होता. हे सगळं गोमटेशनं गिळलं होतं. आता तिला म्हैसही मिळाली. त्याचं डोकं फिरलं. भैरवी आत घाटाच्या पायरीवर बसून भडंग खात होती. तो तरातरा निघाला आणि तिच्यापुढं जाऊन उभा राहिला.

"मुद्दाम करतेस तू हे. काही करायचं नाही आणि जिंकायचं."

"गोम्या, तुझ्या त्या मधल्या हत्तीचे डोळे कसले झालेत रे!" भैरवी म्हणाली. "मला नसते जमले."

तिला ते खरंच आवडले होते. हे त्याला सगळ्यात जास्त लागलं.

"हत्ती राहू देत. मावशीचे गुडघे दुखतात. म्हशीला अक्कल नाही. एक, एक तरी जाणता माणूस दाखव, जो धडधाकट पायांनी, कुणी न सांगता, आपणहून तुझ्या त्या भोकातून..."

भैरवीनं भडंगाची पुडी त्याच्यापुढं धरली. "तू आत्ता कुठनं आलास?"

गोमटेशनं मागं वळून पाहिलं. हत्ती लांब डावीकडं सोंडा उंचावून उभे होते. त्याच्या बरोबर मागं कापडाची सावली हलत होती. पलीकडं छत्रीखालून गणपतराव कुणाला तरी सांगत होते, "ह्येबी धरा. स्वतः आर्किटेक्ट हाय!"

सोमवारी समितीकडं अर्ज आला.

"महोदय, काल अर्जदार दार क्रमांक दोनमधून आत गेला, तो रागाच्या भरात गेला असल्याने सदर प्रवेश झालाच नाही असे समजण्यात यावे. तसेच सायंकाळी सर्वजण निघून गेल्यावर अर्जदार दार क्रमांक एकमधून, तिन्ही वळणे घेऊन, एकटाच बाहेर आला आहे. तरी सदर बाहेर येणे हेच आत जाणे समजण्यात यावे, ही नम्र विनंती."