इन्व्हर्टरवरचे पॉइंट

बदलापूरच्या घरात इन्व्हर्टर जोडताना इलेक्ट्रिशियन भोईरने विचारलं, "काकू, यावर फ्रिज, पंखा आणि काकांची पेटी घेऊ ना?"

भिंतीवरच्या पेटीत विभावरीच्या वारलेल्या नवऱ्याचं मन होतं. वीज गेली, की पेटीत आल्यानंतरचं सगळं तो विसरायचा. इन्व्हर्टर आणला होता तो त्याच्यासाठीच. पण त्यांची एकुलती लेक सानिका अपघातात गेल्याचं तिने चार दिवसांपूर्वी त्याला सांगितलं, आणि तेव्हापासून पेटी हुंदके देत होती.

"पेटी सोडून बाकीचं घ्या," विभावरी म्हणाली.

भोईरने मेन स्विच पाडला. काम उरकून पुन्हा चालू केला.

"विभा, सानिका आली का गं कॉलेजातून?" पेटीतून हसरा आवाज आला.

"येईलच एवढ्यात," ती म्हणाली. आता त्याच्या वाटणीचं रडणंही तिलाच रडायचं होतं.