कर्णधाराचा किमान पगार

“संघ म्हणजे कुटुंब, आणि कुटुंबातून कुणाला काढत नसतात!” असं म्हणत मॅनेजर सबनीसांनी कर्णधारासमोर त्याला काढल्याचं पत्र सरकवलं.

बास्केटबॉलच्या त्या लीगमध्ये संघाच्या एकूण पगाराला मर्यादा होती. चांगले खेळाडू त्या मर्यादेत मावावेत म्हणून कर्णधार दरवर्षी स्वतःचा पगार कमी करून घ्यायचा. अशा रीतीनं संघ चारदा जिंकला होता आणि सबनीसांचे चार सत्कार झाले होते.

“यंदाही पगार कापा की, साहेब.”

“कापला असता हो, कॅप्टन. पण दहा वर्षं खेळलेल्याला ठरलेल्या रकमेपेक्षा कमी देता येत नाही, आणि तेवढी रक्कम यंदा मर्यादेत मावत नाही. ज्येष्ठांच्या भल्यासाठी नियम झालाय. मागच्या वर्षी खेळाडूंतर्फे तुम्हीच तो मागून घेतलात.”

“फुकट खेळलो तर?”

“दंड होईल. आम्हाला.”

कर्णधारानं सही केली. सबनीसांनी उभं राहून त्याच्याशी हात मिळवला, आणि तो कधी उठतो याची वाट पाहत उभेच राहिले.

“एक विनंती होती,” कर्णधार म्हणाला. “गुडघ्याला बर्फ बांधलाय. तेवढा वितळेपर्यंत बसू का?”