ग्लेनिसला घरी पाठवा

ग्लेनिसने केकच्या पिठात मूठभर मीठ टाकलं. पुरेसं वाटेना, म्हणून आणखी एक मूठ.

"चालले मी घरी," ती कॅमेऱ्याला म्हणाली आणि एप्रनची गाठ सैल केली.

शनिवारी तिच्या गावचं, वॉरंबीचं, शेतकी प्रदर्शन. तिथली स्पंज केकच्या पहिल्या बक्षिसाची निळी फीत अकरा वर्षं तिची. स्पर्धक तीनच: ग्लेनिस, तिची जन्माची वैरीण बेरिल, आणि गॅरेजवाला डॅरिल. डॅरिल पाकिटातलं तयार पीठ कालवतो आणि दरवर्षी तिसरा येतो. ग्लेनिस नसली, की फीत बेरिलची. नातीने हौसेने अर्ज भरला म्हणून ती सिडनीच्या या टीव्हीवरच्या केक-स्पर्धेत आली. आठवड्यात हाकलतील, असा तिचा हिशोब. करारात स्वतःहून निघायची सोय नव्हती.

जुना सूत्रसंचालक नेव्हिल असता तर सोपं होतं. केक फसला, घरी जा. यंदा नवी जोडी: निवृत्त फुटबॉलपटू ब्रोडी आणि टीव्हीवर हवामान सांगणारी टालिया. दोघांना दर भागात नियमांना कलाटणी द्यायची हौस.

कलाटणी पहिली. ग्लेनिसने अंडीच घातली नाहीत. "आज कोणीच घरी जाणार नाही!" ब्रोडी ओरडला.

कलाटणी दुसरी. तिने केक जाळला. "आज केकची अदलाबदल!" कोळसा शेजारच्या ओट्यावरच्या स्पर्धकाच्या, एका दंतवैद्याच्या, नावावर गेला. बिचारा रडत घरी गेला.

कलाटणी तिसरी, म्हणजे ही मिठाची. "सगळ्यात वाईट केकला थेट अंतिम फेरी!" टालिया किंचाळली.

"मेल्यांनो," ग्लेनिस म्हणाली, "एकदा तरी केक खाऊन निकाल द्या!"

प्रदर्शनाचाच शनिवार. अंतिम फेरी. मागे ढोल वाजला.

"शेवटची कलाटणी! मदतीला, तुमच्या गावातलं माणूस!"

पडदा सरकला. लिपस्टिक लावून बेरिल उभी.

"तू?"

"विमान फुकट होतं गं. शिवाय तुला हरताना जवळून बघायचं होतं."

"म्हणजे प्रदर्शनात तुझा केक नाही!" ग्लेनिसला हसू आवरेना.

"तुझा तरी कुठे आहे?" बेरिलही हसली.

मग दोघी एकदम हसायच्या थांबल्या. एकमेकींकडे बघितलं. आणि गळ्यात पडून ढसाढसा रडू लागल्या.

"बघा, किती ही माया!" ब्रोडीने डोळे पुसले.

"पाकिटातलं पीठ, ग्लेनिस," बेरिल हुंदके देत म्हणाली. "पाकिटातलं!"