खड्डा कुठे खोदायचा

आमच्या लेकीचं, रीनाचं लग्न झालं त्याच वर्षी तिच्या बाबांना, म्हणजे माझ्या मालकांना, लकवा मारला आणि त्यांची वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, दुःखाची बातमी यांच्या कानावर घालू नका. म्हणून तसलं बोलणं आम्ही अंगणात, हळू आवाजात करायचो.

पोळा जवळ आला आणि यांनी एकाएकी जेवण सोडलं. दिवसभर चांगल्या हाताने चादर चुरगाळत बसायचे. "बाबा जिद्द करून राहिले," आमचा रत्नपाल म्हणाला.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या अल्काने यांच्यापुढे चेहऱ्यांची चित्रं मांडली. यांनी हसरा सोडला, रडका सोडला आणि घाबरलेल्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. मग अंगणाकडे दाखवलं, मग स्वतःच्या छातीकडे.

तेव्हा मला रत्नपालचं अंगणातलं बोलणं आठवलं. "माय, म्हातारा काई वाचत नाई. खड्डा कोठी खोदाचा?"

"अवो, तो खड्डा तुमच्यासाठी नोहोय!" म्हणत मी यांना धरून गोठ्यात नेलं. हे आधी रडले, मग अर्ध्या तोंडाने हसले आणि ताटभर भात जेवले. खड्ड्याची जागाही यांनीच बोटाने दाखवली.



आमचा म्हातारा बैल पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मेला.