मर

वायरमनची बायको गेली आहे हे वर्गाला कळलं, त्या दिवशी फळ्यावर ‘मर’ असं लिहिलेलं होतं. रोप उभ्या उभ्या सुकत जातं, त्या रोगाचं नाव. त्याची मेहुणी त्याचा विसरलेला चष्मा द्यायला आली आणि दारातच बाईंना म्हणाली, “जरा सांभाळून घ्या यांना. ताईला जाऊन महिनाही नाही झाला.”

बाईंनी आत येऊन फळा पुसला.

तेव्हापासून सगळं बिनसलं. सामाईक बागेत लोकांना फुकट सल्ला देणारे बागमित्र तयार करायचा हा वर्ग. आधी बाई त्याला सगळ्यांसारखंच झापायच्या. “अहो वायरमन, रोप लावायचंय, खांब नाही रोवायचा.” ते त्याला बरं वाटायचं. आता “दादा, तुम्ही बसा” सुरू झालं. त्याचं कलम वाळलं तरी “छान प्रयत्न”. आणि फळ्यावरच्या त्या रोगाला सगळे ‘तो आजार’ म्हणायला लागले.

आज परीक्षा होती. प्रत्येकापुढे आजारी रोपाची एक कुंडी. काय झालंय ते मालकाला सांगतो तसं सांगायचं. वायरमनच्या पुढ्यात बाईंनी मिरची ठेवली. तजेलदार, धडधाकट, फुलावर आलेली.

“याला काय झालंय?” त्याने विचारलं.

“तेच तर तुम्ही सांगायचंय, दादा.”

“काही झालेलं नाही.”

“बरोबर. पास.”

शेजारी रिटायर झालेला पोस्टमन बसला होता. त्याच्यापुढे टोमॅटो, माना टाकलेला. पोस्टमनने एकदा रोपाकडे बघितलं, एकदा वायरमनकडे. “जरा… दमलंय ते.”

“दमलंय?” वायरमन म्हणाला. “चालत आलंय का कुठून?”

कुणी हसलं नाही. आधी हसले असते.

वायरमनने कुंडी स्वतःकडे ओढली, टेबलावरचा चाकू घेतला आणि खोड उभं चिरलं. आत तपकिरी रेघ होती. त्याने ते बाईंच्या समोर धरलं.

“मर. पानं हिरवी दिसतायत, पण आतली लाइन बंद झालीय. हे जगत नाही. उपटायचं, आणि मालकाला आजच सांगायचं. नाहीतर तो आशेने पाणी घालत बसतो आणि शेजारचे वाफेही जातात. तुम्हीच शिकवलंय.”

“हो. पण सांगायची एक पद्धत असते, दादा.”

“माहितीय पद्धत. हॉस्पिटलात रोज ऐकली. ‘थोडा अशक्तपणा आहे.’ म्हणून मी घरी पलंग सरकवत होतो, ती घरी आली की तिला खिडकीपाशी झोपता यावं म्हणून. कुणी खरं बोललं असतं तर पलंग गेला खड्ड्यात, तिच्याजवळ बसलो असतो.” त्याने चाकू खाली ठेवला. “मला दादा म्हणू नका. नापास करायचं तर करा.”

बाईंनी ड्रॉवरमधून बागमित्राचा बिल्ला काढून त्याच्यापुढे ठेवला.

“हे रोप बेकरीवाल्याच्या वाफ्यातलं आहे, वायरमन. तो बाहेर बागेतच आहे. जा, सांगा त्याला.”

वायरमन बिल्ला लावून तरातरा बाहेर गेला.

बेकरीवाला भट्टीवरून तसाच आला होता. कोपरापर्यंत पीठ, हातात झारी. त्याच्या वाफ्यातले सगळे टोमॅटो मान टाकून उभे होते. शेजारच्या वाफ्यातली वांगी अजून ताठ होती.

“या साहेब, या,” बिल्ला बघून तो म्हणाला. “दोन्ही वेळ पाणी घालतोय. बायको म्हणते, मला कधी एवढं विचारलं नाहीस. पहिल्यांदाच लावलेत हो. जगतील ना?”

वायरमन खाली बसला. एक पान उचलून बघितलं. शब्द तोंडाशी आला होता. त्याने वर पाहिलं, तर बेकरीवाला त्याच्या तोंडाकडे बघत होता. आपण डॉक्टरांकडे असं बघायचो तेव्हा त्यांना काय दिसत असेल, हे वायरमनला पहिल्यांदाच कळलं. आणि कळलं म्हणून त्याला स्वतःचाच राग आला.

“पाणी जरा बेताने घाला,” तो म्हणाला.

“बेताने. एवढंच ना?” बेकरीवाल्याने झारी खाली ठेवली. “मी उगाच घाबरलो होतो.”

तो शीळ घालत कामावर परत गेला. वायरमनने एक रोप बुडाशी घट्ट धरलं. मग सोडून दिलं.

उपटायचं राहिलं. सांगायचंही राहिलं.