दुपारी एकचं बटण

अप्पांनी राउटरच्या बटणावर चिठ्ठी चिकटवली, 'बंद करू नये', आणि निवांत आडवे झाले.

मुलगी डब्लिनला. मराठी मालिका तिकडे दिसत नाहीत, म्हणून तिनं व्हीपीएन लावून तिथला टीव्ही मिरजेतल्या या राउटरला जोडला होता. पण अप्पा रोज दुपारी एकला झोपण्याआधी घरातली सगळी बटणं बंद करत, आणि तिकडे नाश्ता करताना तिची मालिका ऐन रंगात येऊन थांबे. महिनाभर ती ओरडत होती. आज कटकट मिटली.

सव्वाएकला कडी वाजली. दारात शेजारचे सतारमेकर धापा टाकत उभे. त्यांच्या फोनवर मुलगी रडत होती.

"अगं, आज तर चालू आहे ना तुझं?" अप्पा गोंधळले.

"तेच तर! एक वाजून गेला तरी बंद पडलं नाही. तुम्ही फोनही उचलत नव्हता. मला वाटलं..."

बंद केलं की ओरडते, चालू ठेवलं तर रडते. अप्पांना काही उमगेना.

"अप्पा, उद्यापासून बंद करत जा."

"उद्या कशाला?" त्यांनी चिठ्ठी काढून बटण दाबलं.

डब्लिनला मालिकेतली सासू तोंड उघडं ठेवूनच थांबली. तेव्हा कुठे मुलीनं गार झालेल्या चहाचा घोट घेतला.