उशीपुरती रानफुलं

“ती शेणखताची गाडी आल्या पावली मागे फिरव, पेलागिया!” गेनोवेफा कुंपणापलीकडून ओरडली. “रानफुलांना खत घातलं की नुसतं गवत माजतं. तुझ्या धाकट्या लेकासारखं.”

शेजारणीने ढकलगाडी टेकवली आणि बघतच राहिली. सत्तरीची बाई घरापुढची चांगली काळी माती खरवडून बाहेर फेकत होती. सून लुत्सिना गुडघ्यांवर शाल घेऊन बाकावर बसली होती.

“तू मरायला टेकलीस आणि ही बघ, राणीसारखी बसलीय!”

“बसू दे. माझ्यामागे तिलाच सगळं करायचंय.”

गेनोवेफाचं आता काही खरं नाही, हे चर्चच्या दारात खुद्द गेनोवेफानेच सांगितलं होतं. दर महिन्याला सासू-सून बसने जिल्ह्याच्या हॉस्पिटलात जात, तेही सगळे बघत होते. आमच्याकडे मेलेल्या माणसाच्या उशीत रानफुलं भरतात. ऑगस्टात मरियामातेच्या सणाला फादरनी आशीर्वाद दिलेली, वाळवून ठेवलेली. ती नदीपलीकडच्या कुरणातून आणायची. कुरण लांब पडतं, म्हणून गेनोवेफाने कुरणच अंगणात आणायचं ठरवलं.

तिचा मुलगा व्हितोल्ड कुरणातलं बी धरलेलं गवत कापून घेऊन आला. तिघांनी ते उघड्या मातीवर अंथरलं.

“फुलं कधी येतील, आई?” लुत्सिनाने विचारलं.

“येत्या साली पानं. त्याच्या पुढच्या साली फुलं.”

“तेवढं थांबता येईल?”

“या घरात मला विचारल्याशिवाय कोणी मरत नाही.”

व्हितोल्ड विळा पुसत राहिला.

पुढच्या उन्हाळ्यात खरंच नुसती पानं आली. पेलागिया हसली. “उशी भरतेस की सूप करतेस याचं?” पण रविवारी तीच कोंबडीचं सूप घेऊन आली. गेनोवेफाने जन्मात कोणाचं दयेचं काही घेतलं नव्हतं. आता मात्र तोंड वाकडं करून घ्यायची, आणि भांडं चाटूनपुसून परत जायचं.

“सून काळजी घेते ना बसमध्ये?”

“घेते तर! खिडकीची जागा तेवढी तिची.”

हिवाळा वाईट गेला. अंगणावर बर्फ साचला आणि घरात कोणी मोठ्याने बोलेनासं झालं.

मग जूनमध्ये एका सकाळी अंगण फुललं. लाल रानखसखस, पांढऱ्या डेझी, जांभळी घंटेसारखी फुलं. पेलागियाने कुंपणाशी उभी राहून छातीवर क्रूस काढला. लुत्सिना दारातून बघत होती. तिच्या डोळ्यांना धार लागली.

“रडतेस काय? पाणी घालतेस का खारट?” गेनोवेफा म्हणाली.

सणाला फुलांची जुडी चर्चमध्ये गेली, आशीर्वाद घेऊन आली आणि वाळायला माळ्यावर उलटी लटकली. नंतरच्या सोमवारी सासू-सून बसने हॉस्पिटलात गेल्या.

डॉक्टरांनी तपासण्या दोनदा वाचल्या. गेनोवेफा खुर्चीची कड धरून बसली होती. शेवटी त्यांनी चष्मा काढला.

“रोगाचा मागमूस नाही. आता वर्षातून एकदाच यायचं.” ते उठले, हात पुढे केला. “अभिनंदन, लुत्सिनाबाई.”

गेनोवेफाने सुनेचा कोट उचलून तिच्या खांद्यावर टाकला. “चल आता. मी वाचले म्हणून गावात सांगायला हवं.”